सामना संपला की काठी का निघते? फुटबॉल समर्थक आणि मॅचच्या दिवशीचा बंदोबस्त

ऐरोलीकर (धागाकर्ता)

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. थोडं लांबलंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा समर्थक, अगदी २०१४ पासूनचा. इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) पहिले दोन मोसम आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर पकडायची, जुईनगरला उतरायचं आणि गप्पा मारत मैदान गाठायचं. पुण्याला ५-० हरवलं त्या रात्री परत येताना अख्खा डबा गात होता. २०१६ ला क्लब अंधेरीला गेला, आम्हीही मागोमाग गेलो. बाहेरगावच्या मॅचनाही जमेल तसा जातो. त्यामुळे झडती, बॅरिकेड, नाणी खोक्यात टाकायला लावणं, ढोल उलटापालटा करून बघणं, यातलं काही मला नवं नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही.

मध्यंतरी एका बाहेरच्या मैदानावर जे झालं ते मात्र पचत नाही. शहराचं, मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा एका ठाण्याचा नाही. आम्ही हरलो होतो, त्यामुळे जल्लोष वगैरे काही नव्हता. पाहुण्या समर्थकांसाठी ठेवलेल्या स्टँडची दोन दारं बंद, एकच उघडं. दारातून बाहेर पडलो तर समोर दोरी धरून पोलीस उभे आणि ते ओरडतायत, "मागे व्हा, मागे व्हा!" मागे जिन्यावर दुसरी तुकडी, ती म्हणतेय, "चला, खाली चला, थांबायचं नाही!" मधे आम्ही दीडदोनशे माणसं. पुढच्याचा आदेश पाळावा तर मागच्याचा मोडतो. कुणीतरी वरून ढकललं गेलं, दोरी ताणली गेली आणि पुढून काठ्या सुरू झाल्या. पोटऱ्यांवर, मांड्यांवर. माझा भाचा सोबत होता, सातवीतला. त्याची चप्पल जिन्यावर राहिली, ती घ्यायला तो वाकला आणि त्याच्या पाठीवर बसली. मी त्या शिपायाच्या छातीवरची नावाची पट्टी बघायला गेलो, तर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

घरी आल्यावर पोराने विचारलं, "मामा, आपण काय केलं होतं?"

माझं म्हणणं असं की हा एखाद्या तापट शिपायाचा प्रश्न नाही. वरपासून खालपर्यंत एक समज मुरलेली आहे की फुटबॉलचं पब्लिक म्हणजे एकगठ्ठा धोका. एकदा तसं ठरलं की गर्दीतली माणसं सुखरूप घरी कशी जातील हा विचार मागे पडतो आणि गर्दी दाबून कशी ठेवायची एवढाच उरतो. त्यातूनच माणसं मरतात, आणि जगाने हे पुन्हापुन्हा पाहिलंय.

१५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो. लिव्हरपूल-नॉटिंगहॅम फॉरेस्ट सामन्याआधी बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं दार उघडलं, पण आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. तारेच्या कुंपणाला चिरडून माणसं गेली, आजचा आकडा ९७. बंदोबस्ताच्या प्रमुखाने त्याच दुपारी सांगितलं की समर्थकांनी दार फोडलं. हे खोटं होतं. २०१२ च्या स्वतंत्र समितीने दाखवलं की पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये फेरफार झाले होते. समर्थकांचा दोष नव्हता हे ज्यूरीने २०१६ मध्ये सांगितलं. सत्तावीस वर्षं त्या आईबापांनी 'तुमचीच पोरं दारुडी' हे ऐकून घेतलं.

इंडोनेशियातलं मलंग तर कालपरवाचं, १ ऑक्टोबर २०२२. दंगा नको म्हणून पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता. घरचा संघ ३-२ ने हरला, काही पोरं मैदानात उतरली. पोलिसांनी थेट प्रेक्षकांच्या स्टँडवर अश्रुधूर सोडला. माणसं अरुंद दारांकडे धावली आणि १३५ जण गेले. मैदानात असा गॅस न्यायचाही नाही, हे फिफाच्या सुरक्षा नियमांत लिहिलेलं होतं.

तुमचे अनुभव लिहा. आणि आपण समर्थक म्हणून नेमकं काय मागायचं, तेही.

कोपरीचा मंग्या

दादा, वाचून हात थरथरले. भाचा बरा आहे ना आता? आम्हालाही एकदा असंच हाकललं होतं, पण मार बसला नव्हता. ढोल मात्र जप्त केला, परत मिळालाच नाही. पावती मागितली तर म्हणाले, पावती कसली.

कायद्याने चाला

तुमच्या भाच्याला मार बसला हे वाईटच. पण दुसरी बाजूही मांडतो. मी मॅचला मुलीला घेऊन जातो. मागच्या रांगेतून नव्वद मिनिटं आईबहिणीवरून शिव्या, खुर्च्यांवर उभं राहणं, एकदा तर कुणीतरी फ्लेअर (धूर-ठिणग्यांची नळकांडी) पेटवला आणि ठिणग्या आमच्या पुढ्यात. अशा वेळी पोलीस दिसला की मला बरं वाटतं. हजारोंच्या गर्दीत एकेकाला ओळखून कसं पकडणार? हिल्सबरो आणि इंडोनेशिया इथे आणणं मला ताणलेलं वाटतं. आपल्याकडे फुटबॉलला तेवढी गर्दी तरी कुठे असते?

पेठेतला, सध्या घोडबंदर

गर्दी कुठे असते म्हणताय? एकदा कोल्हापुरात शाहू स्टेडियमला या. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर असले की दुपारपासून पेठा ओस पडतात. आयएसएल नव्हतं तेव्हापासून आमच्याकडे तालमींचा फुटबॉल आहे आणि तालमींचं वैरही आहे. मी खोटं बोलणार नाही, आमच्यात मारामाऱ्या होतात. बाटल्या, दगड, सगळं पाहिलंय. म्हणून 'समर्थक म्हणजे साधुसंत' हे मी म्हणणार नाही.

पण दोन प्रकारचे बंदोबस्त मी जवळून पाहिलेत. पहिला प्रकार असा : हाणामारी दोन कोपऱ्यांवर, आणि काठी चालते अख्ख्या गॅलरीवर. शेंगदाणे खात बसलेले म्हातारे आजोबासुद्धा त्यात. दुसऱ्या दिवसापासून आवाज उठतो की स्पर्धाच बंद करा. खेळणारी पोरं बसतात घरी, आणि मारामारी करणारे पुढच्या मोसमाला परत हजर, कारण त्यांना नावानिशी कुणी धरलेलंच नसतं.

दुसरा प्रकार मी एका मोसमात पाहिला. एक साहेब आले होते, त्यांनी सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही तालमींची जाणती माणसं चहाला बोलावली. कुठल्या बाजूने कोण येणार, कुठल्या दाराने जाणार, मिरवणूक कुठे थांबणार, सगळं तोंडी ठरलं. प्रत्येक तालमीने आपली दहा-बारा पोरं गॅलरीत उभी करायची. सामना तणावाचा झाला, पण एकानेही हात उचलला नाही. कारण आमच्या पोराला आमच्याच वस्तादाने डोळे वटारले की तो बसतो खाली. खाकीने वटारले की तो उठतो.

साहेबांची बदली झाली आणि तो चहाही बंद झाला.

बंदोबस्तवाल्याची लेक

ठाण्यात पोलीस लाइनीत वाढले. बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना हा धागा वाचून दाखवला, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत टाकते.

"पहाटे पाचला हजेरी. गणपती, निवडणूक, मोर्चा, मॅच, आम्हाला सगळं सारखंच. दुसऱ्या ठाण्याची माणसं उचलून आणलेली, कुणाला मैदानाचा नकाशा माहीत नसतो. ब्रीफिंग म्हणजे एकच ओळ : काही झालं तर जबाबदारी तुमची. तू दोरी धरून उभा राहतोस तेव्हा तुला समोरची पहिली रांग दिसते, तिच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही. वायरलेसवर येतं 'क्लिअर करा'. कुठे क्लिअर करायचं, लोकांनी जायचं कुठे, ते येत नाही. मग घाबरलेला पोरगा काठी काढतो. मी काढलेली नाही असं म्हणत नाही."

ते असंही म्हणाले की मेगाफोन एका चांगल्या अधिकाऱ्याच्या हातात असला की काठ्या खाली राहतात. "भाऊ, दहा मिनिटं थांबा, पुढचं दार उघडतोय" एवढं सांगितलं तरी लोक ऐकतात. गर्दीला कारण कळलं की ती थांबते.

माझ्याकडून एक. महिला पोलिसांना बारा-चौदा तासांच्या बंदोबस्तात साधं स्वच्छतागृह मिळत नाही. आयोजक बंदोबस्ताचे पैसे सरकारकडे भरतात, पण उन्हात उभ्या असलेल्या बाईला पाण्याची बाटली कोण देणार हे ठरलेलं नसतं. तुम्ही मागण्या लिहिणार असाल तर हेही लिहा. दमलेल्या, उपाशी माणसाच्या हातात काठी देणं हे दोन्ही बाजूंना धोक्याचं आहे.

ऐरोलीकर

मंग्या, भाचा बरा आहे. वळ गेला. मॅचला चल म्हटलं की मात्र विषय बदलतो.

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. 'क्लिअर करा, पण कुठे' हे वाचून आमच्या जिन्यावरचं सगळं उलगडलं. दोन तुकड्या एकमेकांना दिसत नव्हत्या आणि दोघींना जोडणारा कुणी नव्हता.

कायद्याने चाला, तुमच्या मुलीसमोर फ्लेअर पेटवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, यात मी तुमच्या बाजूने आहे. एकेकाला कसं ओळखणार म्हणालात. इंग्लंडमध्ये हेच तर केलं. तिथे न्यायालय त्या एका माणसावर फुटबॉल बंदीचा आदेश काढतं. त्याला मैदान बंद, परदेशात सामना असला तर पासपोर्टही जमा करावा लागतो. आपल्याकडे तिकीट मोबाइलवर, सीटला नंबर, वर कॅमेरे. फ्लेअरवाला शोधता येतो. त्याच्या बदल्यात पूर्ण स्टँड झोडपला तर तो तसाच सुटतो आणि शेजारची साधी पोरं त्याच्या बाजूची होतात.

हा माझा अंदाज नाही. क्लिफर्ड स्टॉट नावाचे एक ब्रिटिश प्राध्यापक वर्षानुवर्षं फुटबॉलच्या गर्दीत उभे राहून हेच अभ्यासत आलेत. गर्दीत आपापल्या घोळक्यांत वावरणारी माणसं असतात. पोलीस सगळ्यांना एकाच नजरेने वागवायला लागले की ती खरोखर एक होतात, आणि मग दंगेखोराचं ऐकलं जातं. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या शहर पोलिसांनी हे संशोधन वापरलं. साध्या गणवेशातले पोलीस दोघादोघांनी समर्थकांमध्ये फिरायचे, बोलायचे, रस्ता सांगायचे. ढाली-शिरस्त्राणंवाली पथकं जवळच्या गल्लीत, नजरेआड. कुणी मर्यादा ओलांडली की त्याच माणसाला बाजूला घ्यायचे. ज्या शहरांत हे झालं तिथे इंग्लिश समर्थकांचा दंगा झाला नाही. किनाऱ्यावरच्या एका पर्यटनस्थळी दुसऱ्या पोलीस दलाकडे काम होतं, त्यांनी जुनीच पद्धत ठेवली. तिथे मात्र पेटलं.

देश तोच, स्पर्धा तीच, समर्थकही तेच होते.

सीवूड्सची मीरा

बायकांचं कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. आमची झडतीची रांग एकच असते आणि तिथे एक किंवा दोन महिला शिपाई. किक-ऑफला पंधरा मिनिटं राहिली की मागून दाब वाढतो आणि मग बॅरिकेडच्या कोपऱ्यात पोटात गज रुततो. एकदा मी ओरडले की इथे एक गरोदर बाई आहे, तर समोरचा शिपाई म्हणाला, "मग मॅचला कशाला आलात?"

अंगाखांद्याला लागलेल्या धक्क्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. आम्ही मॅचला येतो कारण आम्हाला फुटबॉल आवडतो. याच डी. वाय. पाटीलमध्ये ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. शाळकरी मुलींचे घोळके आले होते, स्वयंसेवक रस्ता दाखवत होते, वातावरण जत्रेसारखं. म्हणजे इथे जमतं, ठरवलं तर.

घणसोलीचा बाबूमोशाय

माझा जन्म कोलकात्याचा, शाळा घणसोलीची, म्हणून मराठी चालवून घ्या.

आमच्या घरी १६ ऑगस्टला बाबा टीव्ही लावत नसत. १९८० साली त्या दिवशी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात १६ समर्थक मेले. दोन्ही क्लबांचे लोक एकाच स्टँडमध्ये कोंबले होते. त्याची आठवण म्हणून तिथे दरवर्षी रक्तदान होतं.

आणि आता २०२४. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीचं प्रकरण पेटलेलं. १८ ऑगस्टची ड्युरंड चषकातली ईस्ट बंगाल-मोहन बागान लढत बंदोबस्ताचं कारण देऊन रद्द झाली. मॅच नसतानाही ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहमेडनचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले, तिच्यासाठी न्याय मागायला. ईस्ट बंगालचा लाल-पिवळा झेंडा मोहन बागानच्या हिरव्या-मरूनच्या खांद्यावर, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मॅचला बंदोबस्त नव्हता, पण यांना पांगवायला भरपूर फौज होती. लाठीमार झाला, गाडीत घातलं. माझा मावसभाऊ त्यात होता. तो म्हणतो, ज्याच्याशी मी दहावीत मॅचवरून मारामारी केली त्यानेच मला उचलून रस्त्याच्या कडेला नेलं.

ॲडव्होकेट खारेगाव

कायद्याचं थोडं, कारण धाग्यात राग आहे आणि तो योग्य जागी पोचायला हवा.

पोलिसांना जमाव पांगवण्याचा अधिकार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२९. पण तिथे क्रम आहे. जमाव बेकायदा किंवा शांतता बिघडवेल असा हवा, आधी पांगण्याचा आदेश द्यायचा, तो मोडला किंवा मोडणार हे वागण्यावरून दिसलं, तरच बळाचा वापर. तिकीट काढून आलेली, सामना संपल्यावर दाराकडे निघालेली माणसं तर आपणहून पांगतच असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांचे वाजवी निर्देश पाळणं आपल्यावर बंधनकारक आहे. ऐरोलीकरांच्या जिन्यावर दोन निर्देश एकमेकांविरुद्ध होते. त्यातला कुठलाही पाळला नाही म्हणून मारलं, तर तो वाजवी कसा ठरेल?

नावाच्या पट्टीबद्दल : अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येच आहे. बंदोबस्तातही ते पाळावं असा आग्रह धरायला हरकत नाही.

आता कळकळीने सांगतो, शिपायाच्या काठीला किंवा हाताला हात लावू नका, कितीही राग आला तरी. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी नोकरावर हल्ला), जुन्या दंड संहितेचं ३५३, अजामीनपात्र आहे, आणि नोकरीच्या पडताळणीत पोरांचं आयुष्य अडतं. मार लागला तर त्याच रात्री सरकारी रुग्णालयात जा, मेडिको-लीगल नोंद करून घ्या. दुसऱ्याच दिवशी क्लब आणि पोलीस दोघांना लेखी कळवा की अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, कारण ते पुसलं जातं. तक्रार आधी वरिष्ठांकडे, दाद नाही मिळाली तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह निकालात अशी प्राधिकरणं नेमायला सांगितली होती, महाराष्ट्रात ते आहे. लोक तिथपर्यंत जात नाहीत, ही खरी अडचण.

कोपरीचा मंग्या

वकीलसाहेब, ढोलाचं काय? पावती मिळायला हवी ना?

ॲडव्होकेट खारेगाव

जप्त केला असेल तर पंचनामा आणि पावती हवीच. 'आत नेऊ नका, बाहेर ठेवा' म्हटलं असेल तर परत मिळण्याची सोय आयोजकाने करायची. म्हणून काय चालेल आणि काय नाही ही यादी क्लबने सामन्याआधी जाहीर करावी.

कायद्याने चाला

दोन दिवस विचार केला. फ्लेअरवाल्याबद्दलचं माझं मत तसंच आहे. पण मीराताईंनी लिहिलेल्या रांगेत माझी बायको आणि मुलगी उभ्या असतात हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण पुरुषांची रांग पलीकडून जाते. पत्र लिहिणार असाल तर माझी सही घ्या. एक अट : आपल्या लोकांच्या शिव्या आणि फ्लेअर यांबद्दल आपण काय करणार, तेही त्यात लिहायचं.

ऐरोलीकर

अट मान्य. तीच पहिली ओळ करू.

पत्र क्लब आणि पोलीस आयुक्तालय दोघांना एकाच वेळी जावं असं मला वाटतं, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवलं जाईल. युरोपची फुटबॉल संघटना युएफाने २०१२ पासून आपल्या स्पर्धांत उतरणाऱ्या प्रत्येक क्लबला समर्थकांशी बोलणारा एक माणूस नेमायला लावलाय. पोलीस, क्लब, समर्थक यांच्यामधला दुवा. पेठेतल्या दादांचा तो चहा म्हणजे हेच, फक्त साहेबांच्या बदलीबरोबर न संपणारं. ते मुख्य मागणं ठेवू. शेवटच्या शिट्टीला सगळी दारं उघडी, आणि मराठी-हिंदीत स्पीकरवरून सांगणं की कुठल्या दाराने कुठे जायचं, हे लगेच करता येण्यासारखं आहे. पोलिसांच्या पाण्याचं, स्वच्छतागृहाचं आपण क्लबकडे मागू. ताई, बाबांना मसुदा दाखवाल का? त्यांनी खोडलं तर खोडू दे.

२०२२ च्या मे महिन्यात पॅरिसला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूलचे लोक अरुंद वाटेत तासन्‌तास अडकले, वर अश्रुधूर झाला, सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला. मंत्र्यांनी खोट्या तिकिटांवर खापर फोडलं. पुढच्या फेब्रुवारीत युएफाने नेमलेल्या समितीनेच लिहिलं की दोष युएफाचा आणि पोलिसांचा, आणि समर्थक शांत राहिले म्हणून जीव वाचले. आपली बाजू सिद्ध करणं समर्थकांना शक्य झालं कारण त्यांनी त्याच रात्रीपासून व्हिडिओ, वेळा, दारांचे नंबर गोळा केले. आपणही प्रत्येक मॅचनंतर याच धाग्यावर नोंद करू : कुठलं दार, किती वाजता, काय सांगितलं गेलं. चांगलं घडलं तर तेही.

बंदोबस्तवाल्याची लेक

बाबा तयार आहेत. म्हणाले, पत्रात 'अत्याचार' शब्द वापरू नका, साहेब पहिल्याच ओळीला बाजूला ठेवतील. दारांचा नकाशा काढून जोडा, नकाशा सगळे बघतात.

सीवूड्सची मीरा

नकाशा मी काढते, नेरूळ आणि अंधेरी दोन्हींचा. महिलांच्या रांगेचा परिच्छेदही माझ्याकडे. रात्री मॅच सुटल्यावर नेरूळ-जुईनगरहून ठाण्याकडे जाणाऱ्या शेवटच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा कुणी देईल का? शेवटची गाडी चुकेल या धास्तीनेच सगळे एकदम दाराकडे धावतात.

कोपरीचा मंग्या

वेळा मी देतो, रोज त्याच गाडीने येतो. पण सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं असतं, ते रविवारी स्टेशनवर जाऊन बघून टाकतो.